प्रश्न कोणी विचारायचा? : मराठी प्रवासवर्णनातील परका आणि संवाद

मराठी प्रवासवर्णनांच्या वाचकाला एक प्रसंग चांगलाच परिचयाचा आहे. परदेशातील आगगाडीचा डबा किंवा उपाहारगृहातील टेबल; समोर एक अनोळखी माणूस; हवामानाविषयी दोन वाक्ये; आणि मग, जणू बांध फुटावा तसे, जातिसंस्थेपासून गांधींपर्यंत आणि विवाहपद्धतीपासून दारिद्र्यापर्यंत सर्व काही. पुस्तक मिटल्यावर चर्च, संग्रहालये आणि धबधबे विसरले जातात. हा अनोळखी माणूस मात्र लक्षात राहतो. असे असूनही प्रवासवर्णनाच्या मराठी समीक्षेने या प्रसंगाकडे स्वतंत्रपणे पाहिलेले नाही. 'खुसखुशीत संवाद', 'माणसांविषयीचे कुतूहल', 'लेखकाचे प्रसन्न व्यक्तिमत्त्व' अशा ठरावीक शब्दांत त्याची बोळवण केली जाते. म्हणजे संवाद हा लेखकाच्या स्वभावाचा गुण मानला जातो. परंतु परमुलखात परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलता येणे ही स्वभावाइतकीच इतिहासाची देणगी असते. कोणाला बोलता आले, कोणाला फक्त उत्तरे द्यावी लागली आणि कोणाला गप्पच राहावे लागले, याचा विचार केल्यास मराठी प्रवासवर्णनाचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो त्याची मांडणीच तपासून पाहावी लागते.

परक्या माणसाशी होणाऱ्या बोलण्याचे एक वैशिष्ट्य जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०८ मधील आपल्या 'परका' या छोट्या निबंधात नोंदविले आहे. जे आप्तांना सांगितले जात नाही ते वाटसरूजवळ उघड केले जाते. तो समूहात असतो, पण समूहाच्या हितसंबंधांत गुंतलेला नसतो. त्यापूर्वी पाऊणशे वर्षे अलेक्सी द तोकव्हिल याने हेच अनुभवाने जाणले होते. १८३१-३२ मध्ये अमेरिकेत हिंडताना भेटलेल्या माणसांशी झालेली संभाषणे तो टिपणवह्यांत उतरवून घेत असे. १८३५ मध्ये 'अमेरिकेतील लोकशाही' या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र ही माणसे त्यातून नाहीशी झाली. यजमानाच्या शेकोटीपाशी परक्याच्या कानावर जे घातले गेले ते नावानिशी छापून यजमानाला अडचणीत आणणे प्रशस्त नव्हे, असे त्याने प्रास्ताविकात सुचविले आहे. टिपणवह्या आणि ग्रंथ यांमधील हे अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संभाषण ही ज्ञानाची कच्ची सामग्री ठरते; ज्ञान सिद्ध झाले की बोलणारा पुसला जातो.

तथापि झिमेल आणि तोकव्हिल या दोघांच्याही विवेचनात एक गोष्ट गृहीत आहे : परका हा ऐकणारा असतो, आणि यजमान मन मोकळे करतो. वसाहतीतून आलेल्या प्रवाशाच्या बाबतीत हे गृहीतक उलटे होते. तिथे यजमान प्रश्न विचारतो आणि परक्याला मन मोकळे करण्यास भाग पाडले जाते. त्याला केवळ स्वतःविषयी बोलता येत नाही. त्याच्या तोंडून सबंध 'हिंदुस्थान' बोलावा अशी अपेक्षा असते. मराठी प्रवासलेखनात या उलट्या संभाषणाची पहिली मोठी साक्ष पंडिता रमाबाईंच्या ग्रंथात मिळते. त्याकडे वळण्यापूर्वी मात्र एका अशा प्रवासाकडे पाहणे आवश्यक आहे, की ज्यात असे ओझे अद्याप कोणाच्या खांद्यावर पडलेले नव्हते.

विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून. 'माझा प्रवास'मधील महूजवळचा प्रसंग प्रसिद्ध आहे : वाटेत भेटलेले पलटणीतले शिपाई या भिक्षुकांना काडतुसांची हकीकत सांगतात, सरकार धर्म बुडविणार असल्याची वार्ता सांगतात आणि थोड्याच दिवसांत काय घडणार आहे याची कल्पना देतात. तेव्हाच्या कोकणस्थ भिक्षुकाला माळवा हा परमुलूखच होता. भाषा निराळी, रीत निराळी, राज्य निराळे. तरीही या संभाषणात कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. शिपाई बोलतात कारण समोरचे ब्राह्मण आहेत, वाटसरू आहेत आणि भीती दोघांची सारखीच आहे. राजकीय वार्ता ही धर्मशाळेतल्या आणि मुक्कामाच्या जागेवरच्या बोलण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तिची विश्वासार्हता सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरते. हा वृत्तान्त सुमारे पाव शतकानंतर स्मरणाने लिहिला गेला आणि चिं. वि. वैद्य यांनी तो संस्कारित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितानुसारी पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये छापला. दोन पाठांमधील फरकाची चर्चा बहुधा इतिहासाच्या अंगाने होते; पण रस्त्यावर ऐकलेले बोलणे छापील मराठीत येताना त्याचे काय होते, या प्रश्नासाठीही ते एक दुर्मीळ साधन आहे. पुढील कोणत्याही प्रवासवर्णनाबाबत अशी दुहेरी संहिता आपल्या हाती नाही.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली, त्या समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिल्या. या काळात त्यांनी जवळजवळ सर्व देश पालथा घातला, तो प्रामुख्याने व्याख्यानांसाठी. १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन होऊन हिंदुस्थानातील नियोजित विधवागृहाला दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. म्हणजे या तीन वर्षांत त्यांची परक्या माणसांशी जी गाठ पडली ती सभागृहात, दिवाणखान्यात आणि वर्गणीच्या यादीवर. श्रोत्यांना हवी होती हिंदू विधवेची कहाणी. ती सांगणारी स्त्री स्वतः विधवा होती, संस्कृत पंडिता होती, नुकतीच ख्रिस्ती झालेली होती. प्रत्येक विशेषण एकेका प्रश्नाला आमंत्रण देणारे. अशा संभाषणात उत्तर देणे हे कामच होते, आणि नीट उत्तर दिले तर एका घराचा पाया घातला जाणार होता.

स्वदेशी परतल्यावर मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथनामातील शब्दांचा क्रम अर्थपूर्ण आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. आगबोटीच्या प्रवासाचा प्रारंभीचा भाग सोडला तर राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार असा हा विषयवार विस्तार आहे. नामवंत स्त्रिया येतात त्या त्यांच्या कार्याच्या निमित्ताने. समोरासमोरच्या बोलण्याचे प्रसंग विरळ आहेत. ज्या बाईने तीन वर्षे अखंड परक्यांशी बोलण्यात घालविली तिच्या ग्रंथात संभाषण इतके थोडे का, हा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. 'माहितीपर' असा शिक्का मारून ग्रंथ बाजूला ठेवण्याची रीत पडली.

खरे पाहता या अभावातच ग्रंथाचा पवित्रा दडलेला आहे. सभागृहात जिला तीन वर्षे न्याहाळले गेले, तीच आता न्याहाळणारी झाली आहे. प्रश्न विचारणाऱ्या अमेरिकनाचे घर, त्याची शाळा, त्याचे चर्च, त्याच्या बायकोचे कायद्यातील स्थान हे सारे मराठी वाचकापुढे तपासणीसाठी मांडले आहे. कौतुक पुष्कळ आहे. इंग्लंडच्या अमलाखालून सुटलेल्या देशाविषयी १८८९ च्या मराठी वाचकाला काय सुचवायचे याचे भान तर लख्ख आहे. पण स्वातंत्र्याचा उच्चार करणाऱ्या या देशात गुलामगिरी कशी नांदली, काळ्या लोकांविषयीचा वर्णद्वेष कसा टिकून आहे, मूळ रहिवाशांना कसे हुसकावले गेले, हेही त्या लिहितात. ज्यांच्या वर्गणीवर शारदा सदन चालायचे होते त्यांच्याविषयी हे लिहिले आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. ते मराठीत लिहिले आहे, हीही.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका १८३४ ते १८३६ या काळात अमेरिकेत हिंडली. तिला ऐकू कमी येत असे; कानाला लावण्याचे कर्णे घेऊन ती माणसांशी बोले, आणि त्यामुळे माणसे जवळ येऊन एकेकटी बोलतात, हा आपला फायदाच झाला असे तिचे म्हणणे होते. तरीही रीतिरिवाजांच्या निरीक्षणावर तिने १८३८ मध्ये जे पुस्तक लिहिले त्यात तिचा आग्रह असा, की निरीक्षकाने आरंभ वस्तूंपासून व संस्थांपासून करावा आणि माणसांच्या बोलण्याचा उपयोग त्यावरील भाष्य म्हणून करावा. रमाबाईंच्या ग्रंथाची रचना याच शिस्तीची आहे. फरक इतकाच, की मार्टिनोजवळ कर्णा पुढे करण्याचा आणि तो खाली ठेवण्याचा अधिकार होता. रमाबाईंना तो अधिकार ग्रंथ लिहितानाच प्राप्त झाला.

सर्वच संभाषणांचा मार्ग इंग्रजीतून जात होता असे नाही. धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात गेले आणि तिथेच श्रामणेर झाले. 'निवेदन' या १९२४ च्या आत्मकथनात सिंहली व ब्रह्मी भिक्षू भेटतात तेव्हा शास्त्र आणि दीक्षा हे दुवे असतात. राज्यकर्त्याची भाषा मध्यस्थ म्हणून अपरिहार्य नसते. या दिशेने मराठी प्रवासलेखन पुढे गेले नाही, ही खेद वाटावा अशी बाब आहे. त्याची कारणे शोधणे हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

इंग्रजीच नसलेल्या प्रवाशाचे काय होते हे पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी'वरून कळते. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे यांची ही धाकटी बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी मूल. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरल्या, व्याख्याने दिली, वर्गणी गोळा केली. म्हणजे अनोळखी माणसाला बोलते करणे, त्याच्या आक्षेपांना तोंड देणे आणि शेवटी त्याच्या खिशात हात घालायला लावणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे कसब होते. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्याच्या हेतूने त्या अमेरिकेला गेल्या आणि त्या क्षणी हे सारे कसब निरुपयोगी झाले. उपजीविकेसाठी आणि भाषा कानावर पडावी यासाठी त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम केले. १९२० मध्ये त्या परतल्या. पुस्तक निघाले १९२८ मध्ये.

प्रवासवर्णनाच्या इतिहासात 'माझी कहाणी'चा उल्लेख अपवादानेच होतो, कारण ते आत्मचरित्र मानले जाते. पण परक्याशी संवाद हा निकष धरला तर मराठीत याहून कसोटीचे पुस्तक सापडणे कठीण आहे. व्याख्यानमंचावरील रमाबाई आणि स्वयंपाकघरातील पार्वतीबाई यांच्यामध्ये तीन दशकांचे अंतर आहे आणि सामाजिक उंचीचेही. रमाबाई पाहुणी होती, पार्वतीबाई मोलकरीण. यजमानीण आणि नोकर यांच्यातील बोलणे हे आज्ञेच्या व्याकरणात चालते, आणि भाषा शिकणाऱ्या प्रौढ स्त्रीला तेच व्याकरण प्रथम शिकावे लागते. आपल्या देशाविषयी, धर्माविषयी, कार्याविषयी सांगण्यासारखे मनात पुष्कळ असताना शब्द नसणे, ही अवस्था मराठी गद्यात यापूर्वी आलेली नव्हती. पुढच्या काळातील प्रवासवर्णनांत भाषेची अडचण येते ती विनोदाला निमित्त म्हणून : चुकीचा पदार्थ मागविला जातो, भलताच रस्ता धरला जातो. पार्वतीबाईंच्या पुस्तकात ती पोटाची आणि प्रतिष्ठेची अडचण आहे.

अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीतील ललित प्रवासवर्णनाचा आरंभ तिथून मोजण्याची प्रथा पडली. काणेकर लघुनिबंधकार होते. लघुनिबंधाने मराठी गद्याला जो मोकळा, गप्पिष्ट, स्वतःकडे किंचित मिस्किलपणे पाहणारा 'मी' दिला, तोच 'मी' या पुस्तकाबरोबर परदेशात गेला. प्रवासवर्णनाचे वाङ्मयीन मूल्य या 'मी'वरून ठरू लागले आणि आधीचे सारे लेखन पूर्वतयारीच्या खात्यात गेले. या निवाड्यात तथ्य नाही असे नाही. रमाबाईंच्या ग्रंथाची कित्येक पाने आज केवळ अभ्यासक वाचतील, काणेकर कोणीही वाचील. पण निवाड्यामागचे गृहीतक तपासले पाहिजे. गप्पा मारणारा 'मी' निर्माण व्हायला हाताशी इंग्रजी लागते, कोणाच्या वर्गणीवर अवलंबून नसणे लागते, कोणाच्या भांड्यांना हात लावावा न लागणे लागते. आणि पुरुष असणे हेही त्यात बसते, कारण आगगाडीत अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणाऱ्या एकट्या बाईचे बोलणे १९२० किंवा १९४० मध्ये निराळ्या अर्थाने घेतले गेले असते. 'लालित्य' म्हणून ज्याचा गौरव झाला त्यात या सवलतींचा वाटा किती, हे समीक्षेने कधी मोजले नाही.

काणेकरांच्या शीर्षकातच दोन प्रकारच्या संभाषणांची सरहद्द आहे. धुक्यातल्या लंडनमध्ये परका अंगावरून निघून जातो. बोलला तर तो त्याचा स्वतःचा निर्णय असतो. लाल ताऱ्याच्या देशात परक्याची भेट ही व्यवस्थेचा भाग असते. परदेशी पाहुण्यांशी सांस्कृतिक संबंध राखण्यासाठी सोव्हिएत सरकारने १९२५ मध्ये 'वोक्स' ही संस्था आणि पर्यटकांसाठी १९२९ मध्ये 'इन्टुरिस्ट' स्थापन केली होती. दुभाषी या तिसऱ्या व्यक्तीचा प्रवेश येथे होतो. कामगार एक वाक्य बोलतो, दुभाषी तीन वाक्ये सांगतो, किंवा उलट. आणि उरलेल्याचे काय झाले हे पाहुण्याला कळत नाही. जगभरच्या लेखकांची रशियाविषयक पुस्तके या तिसऱ्या माणसाच्या भरवशावर उभी आहेत.

म्हणूनच अण्णाभाऊ साठे यांचे 'माझा रशियाचा प्रवास' काणेकरांच्या शेजारी ठेवून वाचावे. १९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियात गेले तेव्हा त्यांच्याजवळ शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते, इंग्रजीचा आधार नव्हता आणि स्टालिनग्राडचा पवाडा रचून अठरा वर्षे झाली होती. भाषेच्या बाबतीत ते पार्वतीबाईंच्या पंक्तीला बसतात, मानाच्या बाबतीत बसत नाहीत : ते निमंत्रित लेखक होते. दुभाष्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडणे शक्य नव्हते, आणि जे दाखविले जाईल ते पाहण्याची मर्यादा त्यांनाही होती. टीकाकार या मर्यादेकडे बोट दाखवितात, ते योग्यच आहे. मात्र वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारा माणूस परदेशातील रस्ता पाहतो तेव्हा त्याचा प्रश्न मध्यमवर्गीय प्रवाशाच्या प्रश्नाहून वेगळा असतो. काणेकरांच्या पिढीतील लेखक समाजवादाविषयी विचारतो. अण्णाभाऊंना माणूस कुठे झोपतो आणि काय खातो हे पाहायचे असते. दुभाषी मतांचे भाषांतर करताना फेरफार करू शकतो. झोपण्याच्या जागेचे भाषांतर करावे लागत नाही. मार्टिनोचा आग्रह येथे अनपेक्षितपणे सार्थ ठरतो.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० मध्ये पुस्तकरूपाने आली आणि गंगाधर गाडगिळांचे 'साता समुद्रापलीकडे' तिच्या एक वर्ष आधी. स्वातंत्र्यानंतरचा हा प्रवासी प्रशिक्षणासाठी किंवा अभ्यासवृत्तीवर जातो, परत येणार हे निश्चित असते, आणि प्रश्नकर्त्या साहेबाचे त्याला भय वाटत नाही. 'अपूर्वाई'तील विनोदाचे बळ पुष्कळसे यात आहे, की परक्याच्या अज्ञानापेक्षा स्वतःच्या भाबडेपणावर हसणे लेखकाला परवडते. पूर्वी उत्तर चुकले तर देशाची अब्रू जात असे. आता चुकले तर एक किस्सा हाती लागतो. हा बदल लहान नाही. पण या पुस्तकांच्या अफाट यशानंतर मराठी प्रवासवर्णनात परक्याशी गप्पा हा संकेत झाला, आणि संकेत झाल्यावर परका माणूस ठोकळा झाला. प्रत्येक देशातील टॅक्सीवाला हिंदी चित्रपटाची तारीफ करू लागला आणि प्रत्येक म्हातारी कुटुंबव्यवस्थेच्या नावाने उसासे टाकू लागली. यजमानाने पूर्वी हिंदुस्थानी माणसाला जसे प्रतिनिधी केले होते, तसेच मराठी लेखकाने आता यजमानाला केले.

या साऱ्या संवादांना आणखी एक मर्यादा आहे, आणि ती संहितेच्या पातळीवरची आहे. ज्या भाषेत बोलणे झाले ती भाषा पानावर नसते. लंडनचा कारकून, मॉस्कोची शिक्षिका, न्यूयॉर्कची घरमालकीण सगळे अस्खलित मराठी बोलतात, बहुधा पुणेरी वळणाची. बाख्तीनच्या संज्ञेत सांगायचे तर परक्याचा आवाज निवेदकाच्या आवाजात विरघळून जातो आणि अनेकस्वरी भासणारी संहिता प्रत्यक्षात एकस्वरी असते. वाक्यागणिक कोण अडखळले, कोणी शब्द पुरविला, कोणता प्रश्न दोनदा विचारावा लागला, हे सर्व त्या सफाईदार मराठीखाली गाडले जाते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिका किंवा विसाव्या शतकातील रशिया काय म्हणत होता याचा पुरावा म्हणून ही संभाषणे उद्धृत करणाऱ्यांनी याचा विचार करावा. परक्याला उत्तर देण्याची सोय या पानांवर नव्हती; त्याला ती वाचताही येत नव्हती.

क्वचित ती सोय झाली. मुंबईत अनेक वर्षे मिशनरी म्हणून राहिलेले आणि महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेणारे जस्टिन ॲबट निवृत्तीनंतर अमेरिकेत स्थायिक झाले होते. त्यांनी 'माझी कहाणी' इंग्रजीत आणली, आणि १९३० मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. ज्या देशात पार्वतीबाईंना बोलायला शब्द नव्हते त्या देशात, त्या घरकाम सोडून परतल्यानंतर दहा वर्षांनी, त्यांचे म्हणणे वाचण्याची सोय झाली. रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथाला अधिक वाट पाहावी लागली. मीरा कोसंबी यांचे आणि क्षितिजा गोम्स यांचे अशी त्याची दोन इंग्रजी भाषांतरे अमेरिकेत निघाली ती एकाच वर्षी, २००३ मध्ये. तोपर्यंत मूळ ग्रंथाला ११४ वर्षे झाली होती आणि बॉस्टनच्या यादीवर वर्गणीचे आकडे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही मागे उरलेले नव्हते.